नागपूरच्या पोरीचं ताट

तिच्या आधी मला तिचे बूट दिसले.

मी सकाळी भाजीची पिशवी घेऊन आले होते. दाराशी पोरींचे बूट ठेवायचं लोखंडी स्टँड आहे. त्याच्या खणात ते बूट मावत नव्हते, म्हणून कोणीतरी वरच ठेवले होते. पांढरे, कडेला निळी पट्टी. कोणी बघत नाही असं पाहून मी एक बूट खाली घेतला आणि त्याच्याशेजारी माझा पाय ठेवला. चपलेसकट. तरी पुढे चार बोटं जागा उरली. मी बूट परत वर ठेवला आणि आत जाऊन चहाचं आधण टाकलं, पण डोक्यात तेच. एवढा पाय असलेली बाई उभी राहिली की कुठपर्यंत जात असेल?

इंदिरानगरमध्ये एक बंगला भाड्याने घेतलेला आहे. तिथे बास्केटबॉल खेळणाऱ्या पोरींचा संघ राहतो. त्यांचा दोन वेळचा स्वयंपाक मी करते. माझं माहेर कळवणच्या पुढचं, डोंगरातलं. सासर सायखेड्याचं. चौथीपुढची शाळा नदीपलीकडच्या गावाला होती, म्हणून माझी शाळा तिथंच संपली. मिस्टर कंपनीत लागले तेव्हा आम्ही नाशिकला आलो. या घरात मला दोन वर्षं झाली. पोरी मला मावशी म्हणतात. त्यांचे कोच आहेत, त्यांना सगळे सर म्हणतात. त्यांच्याशी दोन वर्षांत मी दोनच शब्द बोलले असेन, "हो" आणि "झालं".

बास्केटबॉलमध्ये माणसांची अदलाबदल होते, हे मला त्याच आठवड्यात कळलं. संघाची कॅप्टन ओट्याला टेकून उभी होती. तिचे डोळे सुजलेले.

"मावशी, आपल्या दोघी पुण्याच्या संघाला दिल्या. तिकडची एक आपल्याकडे आली."

"दोघी देऊन एक?"

"हो. ती स्टार आहे ना."

"आणि त्या दोघींनी नाही म्हटलं तर?"

"असं नसतं म्हणता येत, मावशी."

गेलेल्या दोघींपैकी एक कॅप्टनच्या खोलीत राहायची. ती माझी पण लाडकी होती. कणीक मळताना मागून येऊन सरांची नक्कल करायची, मला "मावशे" म्हणायची. जाताना ती माझ्या गळ्यात पडून रडली. तिचा स्टीलचा मग इथंच राहिला होता, तो मी काढून ठेवला नाही. फ्रिजच्या दारावर पाळ्यांचा कागद चिकटवलेला होता. रोज दोघींनी भांडी आवरायची. त्यात बुधवारी तिचं नाव होतं, तेही कोणी पुसलं नाही.

ती स्टार मी आधी मोबाईलमध्ये पाहिली होती. पोरी तिचे व्हिडिओ बघायच्या. तेव्हा ती दुसऱ्या संघाची होती, म्हणून तिला नावंही ठेवायच्या आणि परत परत बघायच्यासुद्धा. आता ती जिन्यावरून खाली आली तेव्हा दाराच्या चौकटीला डोकं लागू नये म्हणून सवयीने वाकली. सावळी, हाडापेराने रुंद, केसांची घट्ट वेणी. मी तिच्या खांद्यापर्यंतसुद्धा पोचत नव्हते. मान वर करून बघताना मला देवळाचा कळस बघतो तसं झालं. काहीतरी बोलावं म्हणून मी म्हटलं, "बसा ताई." तिने हसल्यासारखं केलं आणि बसली.

मी तिला सगळ्यांच्या आधी वाढलं. बाकी अकरा ताटं रिकामी असताना हिच्या ताटात भाजी, वरण, दोन नागलीच्या भाकरी, त्यावर तूप. दोन अंडी जास्त. "बस झालं जी, मावशी," ती म्हणाली. नागपूरकडची बोली तिची. जेवण झाल्यावर ती ताट घेऊन उठली, तर मी धावत जाऊन तिच्या हातातून ते घेतलं.

"राहू द्या ताई, मी घेते."

"नाही नाही, मी..."

"अहो द्या."

तिने दिलं. या घरात प्रत्येकीने आपलं ताट आपण घासून पालथं घालायचं असतं, अगदी कॅप्टननेसुद्धा. मला ते माहीत होतं. पण पाहुण्याच्या हातात खरकटं ताट ठेवायचं कसं? हात आपोआप पुढे गेला. दुसऱ्या दिवशी पण गेला. तिसऱ्या दिवशी ती ताट घेऊन उठलीच नाही, मी येऊन नेईन म्हणून बसून राहिली. बुधवारी गेलेल्या पोरीच्या पाळीची भांडी पण मीच आवरली. असे तीन आठवडे गेले.

रोज सकाळी साडेआठला मी उकडलेली अंडी, केळी आणि मोड आलेले मूग घेऊन मैदानावर जाते. जवळच्या शाळेचं सिमेंटचं कोर्ट आहे. डबे भिंतीजवळ ठेवायचे आणि निघायचं, हा माझा रिवाज. पोरी खेळत असताना उभं राहून बघायला मला लाज वाटते. सगळे जण आपल्याकडेच बघतात असं वाटतं. पण ती आल्यावर पहिल्याच सकाळी मी डबे खाली ठेवायचे विसरले.

ती बॉल आपटत पळत आली. बॉल आपटला की मी नेहमी बॉलकडे बघते, पण ती बघतच नव्हती. तिची नजर दुसरीकडेच, आणि बॉल आपला खालून तिच्या हाताशी येत होता, घरातलं मांजर पायाशी येतं तसा. समोर आमच्या दोन पोरी आडव्या उभ्या. तिने एकीला खांदा दाखवला, ती पोरगी तिकडे गेली, आणि ही इकडून निघाली. मग ती वर गेली. उडी सगळ्याच मारतात. तिच्याबरोबर आणखी दोघींनी मारली. त्या दोघी खाली यायला लागल्या होत्या तरी ही वरच होती. जणू तिथे एखादी पायरी आहे, तिला एकटीला दिसणारी, आणि तिच्यावर पाय ठेवून ती सावकाश बॉल आत टाकते आहे. जाळीचा नुसता सुळ्ळ आवाज आला. मी डबा छातीशी धरला आणि माझ्या तोंडून मोठ्याने "अगं बाई!" निघालं. पोरींनी वळून बघितलं. मी डबे ठेवून निघून आले, पण त्या दिवसापासून साडेआठची मी वाट बघायला लागले.

माझ्या माहेरच्या डोंगरात घार वाऱ्यावर एका जागी थांबलेली मी तासन् तास बघायचे. माणसाला तसं थांबता येतं, हे मला माहीत नव्हतं.

पण थोड्याच दिवसांत मला आणखी एक गोष्ट दिसली. खेळ मला कळत नाही, तरी हे कळत होतं. ती बॉल अशा जागी फेकायची जिथे कोणीच नसायचं. मोकळ्या जागेत बॉल जायचा, बाहेर जायचा, भिंतीपर्यंत घरंगळायचा. मग कॅप्टन दोन पावलं उशिरा तिथे पोचायची आणि कमरेवर हात ठेवून तिच्याकडे बघायची. एकदा तो बॉल माझ्या पायाशी आला. मी उचलला. वाटलं होतं त्याहून जड होता आणि उन्हाने गरम झाला होता. मला फेकता येईना. मी तो कडेवर घेतल्यासारखा धरून कोर्टात नेऊन दिला, तेव्हा सगळ्या हसल्या. ती पण हसली. तिला मी हसताना तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

सर मात्र हसत नव्हते.

"ती जागा बघते रे! तुम्ही पोचत नाही तिथे!" ते सगळ्यांवर ओरडले. मग तिच्याकडे वळले. "आणि तू, तोंड उघड! घे म्हण, जा म्हण, काहीतरी म्हण. यांना काय स्वप्न पडणार आहे?"

ती मान हलवायची. मग पुन्हा गप्प. आणि दुसऱ्या पोरींना बॉल मिळाला की तो हिच्याकडे यायचाच नाही. ही हात वर करून मोकळी उभी असायची, आणि बॉल हिला वळसा घालून दुसरीकडे जायचा. आमच्या गावाकडे दोन घरांचं भांडण असलं की बाया पाणवठ्यावर एकमेकींना अशाच वळसा घालतात, म्हणून मला ते लगेच ओळखू आलं.

रविवारी मोठी मॅच होती. त्याआधीच्या सोमवारची गोष्ट. मी मागच्या अंगणात कपड्याचे नॅपकिन वाळत घालत होते. आत ओट्याशी कॅप्टन आणि पिंपळगावची पोरगी बोलत होत्या. पिंपळगावची म्हणजे सगळ्यांत बुटकी आणि सगळ्यांत तिखट जिभेची.

"महाराणी जेवल्या का?"

"जेवल्या. ताट टेबलावर ठेवून वर गेल्या. दासी येईल उचलायला."

"तीन आठवडे झाले, एक वाटीसुद्धा विसळली नाही गं हिने. मावशीकडून घासून घेते, लाज नाही वाटत?"

"स्टार आहे बाई. हात खराब होतील."

"माझी मैत्रीण घालवली हिच्यापायी," कॅप्टन म्हणाली. तिचा आवाज जाड झाला होता. "ती रोज मावशीला मदत करायची. हिला तर पाळी पण नको. मग मी हिला बॉल का देऊ? ही पाहुणीसारखी आली, पाहुणीसारखी जाईल."

माझ्या हातातला नॅपकिन तसाच राहिला. महाराणी तिला मी केलं होतं. ताट मी ओढून घेत होते. आत जावं आणि सांगावं, तिचं काही नाही गं, हे माझं आहे. दारापर्यंत गेले. पिंपळगावचीने वळून विचारलं, "काय मावशी?" मी म्हटलं, "काही नाही. मीठ संपलंय." मीठ संपलेलं नव्हतं.

मंगळवारी दुपारी सगळ्या वर आराम करत होत्या. मी खाली फरशीवर बसून मेथी निवडत होते. ती आली आणि माझ्यासमोर मांडी घालून बसली. बसली तरी ती माझ्याहून उंच.

"काय करून राहिल्या, मावशी? मी निवडू?"

"नको ताई. तुम्ही आराम करा."

तिने पुढे केलेला हात मागे घेतला. थोडा वेळ ती माझ्या हातांकडे बघत बसली. मग म्हणाली, "रविवारी मॅच आहे. सर म्हणाले, त्याच्यानंतर बघू."

"काय बघू?"

"पुण्यात पण आधी बघूच म्हणाले होते." तिने मेथीची एक काडी घेतली आणि तिचे बारीक तुकडे करत राहिली. "मला ठेवायचं का पाठवायचं, ते. तिकडून काढलं, इकडून पण काढलं, तर तिसरं कोण घेईल? म्हणतील, पोरगी खेळते चांगली, पण हिचं कुठं जमत नाही. एकदा असं नाव पडलं की संपलं. बॅग अजून अर्धीच उघडली मी. रोज वाटते, कपाटात लावू का नको."

मी विचारलं, "मैदानात बोलत का नाही तुम्ही? सर एवढे म्हणतात."

"मला नाही येत जी, मावशी." ती खाली बघत म्हणाली. "पुण्यात एक होती, ती माझ्यासाठी ओरडायची. ती म्हणायची, तू फक्त फेक. इथं मी तोंड उघडलं की वाटते, कोण लागते मी यांची, हुकूम सोडायला? जेवताना पण कोणी माझ्याशी बोलत नाही. घरात जिच्याशी बोलणं नाही, तिच्यावर कोर्टात ओरडायचं कसं?"

मी निवडायची थांबले. आजपर्यंत मला वाटायचं, माणूस लाजतं ते शिक्षण नसलं म्हणून, नाही तर उंची नसली म्हणून, नाही तर गावाकडचं असलं म्हणून. ही तर हवेत थांबणारी बाई. आणि हिची जीभ माझ्यासारखीच टाळूला चिकटते.

ती वर गेल्यावर मला माझं लग्न आठवलं. आमच्याकडे नवी नवरी आली की हळद उतरेपर्यंत तिला ताट उचलू देत नाहीत. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, काय लाड चाललेत. पण ते दिवस मला फार वाईट गेले होते. सायखेड्याच्या त्या घरात सगळ्या बाया कामात, एकमेकींना हाका मारतायत, हसतायत, आणि मी भिंतीला टेकून पाहुणी. कुठे बसावं, हात कुठे ठेवावेत, कळायचं नाही. सहाव्या दिवशी सासूबाई म्हणाल्या, "ए पोरी, तुझं ताट तू घे, आणि ही परात पण घास." मी मोरीवर जाऊन परात घासली आणि घासताना रडले. सासूबाईंना वाटलं, काम सांगितलं म्हणून रडते. मी त्यांना खरं कधी सांगितलं नाही. मला सुटल्यासारखं झालं होतं.

आणि मी या पोरीला तीन आठवडे हळदीत बसवून ठेवलं होतं.

बुधवारी दुपारी मी तिला सगळ्यांच्या आधी वाढलं नाही. रांगेत तिचा नंबर आठवा आला, तेव्हा वाढलं. भाकरीवर तूप घातलं नाही. अंडी सगळ्यांइतकीच दिली. तिने एकदा माझ्याकडे बघितलं. जेवण झालं आणि ती ताट पुढे सरकवून माझी वाट बघत बसली. मी ओट्यापाशीच उभी राहिले. पदराचं टोक मुठीत धरलं होतं. एकेक पोरगी आपलं ताट घेऊन उठत होती. पिंपळगावची कॅप्टनला कोपर मारून दाखवत होती, बघ बघ म्हणून.

"अगं," मी म्हटलं. तिला मी नेहमी ताई म्हणायचे, म्हणून कोणाला म्हणते तेच कोणाला कळलं नाही. "अगं नागपूरकर. तुझं ताट तू घास."

सगळ्या थांबल्या. बारा जणी माझ्याकडे बघत होत्या. माझे कान गरम झाले. वाटलं, आता पुरे, एवढं बस. पण अर्धंच सांगितलं असतं तर ती आणखीनच वाईट ठरली असती.

"इतके दिवस मीच तिच्या हातातून ओढून घेत होते," मी म्हटलं. आवाज मधेच चिरकला. "तिने मला कधी घासायला सांगितलं नाही. पहिल्या दिवशी ती घासायलाच निघाली होती. मी दिलं नाही. काल मेथी निवडते म्हणाली, ती पण निवडू दिली नाही. मला वाटलं, एवढी मोठी खेळाडू, आपल्याकडे आली... तिची काही चूक नाही. माझी आहे."

मग मी तोंड फिरवून उगाच गॅसची शेगडी पुसायला लागले.

"मावशी, मग हे आधी नाही सांगायचं?" कॅप्टन म्हणाली.

"कसं सांगणार," मी शेगडीलाच म्हटलं.

मागे खुर्ची सरकली. ती ताट घेऊन सिंकपाशी आली. सिंक आमच्या मापाचं, तिला ते गुडघ्यापाशी लागल्यासारखं. ती वाकली, तर वरच्या भांड्यांच्या स्टँडवर कपाळ आपटलं आणि चार वाट्या धडाधड खाली आल्या. एक पार फ्रिजखाली गेली.

"अगं हळू! स्लॅब पाडशील," पिंपळगावची ओरडली.

"लागलं का?" कॅप्टनने विचारलं.

ती कपाळ चोळत म्हणाली, "वाट्यांना विचारा."

एवढंच. पण हसू फुटलं, आणि ते तिच्यावर नव्हतं, तिच्याबरोबर होतं. कॅप्टन हसली नाही. ती फ्रिजपाशी गेली आणि पाळीच्या कागदासमोर बराच वेळ उभी राहिली. मग तिने मार्कर घेतला. मैत्रिणीचं नाव तिने पुसलं नाही. त्याच्या खाली, बारीक अक्षरात, नागपूरचीचं नाव लिहिलं.

"बुधवार तुझा," ती म्हणाली. "म्हणजे आज. माझ्याबरोबर. मावशीचा नियम माहीत आहे ना?"

माझा एकच नियम आहे. मागे एकदा एकीने गरम वरणाचं पातेलं दुसरीच्या हातात दिलं आणि दुसरी मोबाईल बघत होती. वरण सगळं फरशीवर, पाय थोडक्यात वाचले. तेव्हापासून भांडं देणारीने "घे" म्हणायचं, घेणारीने "घेतलं" म्हणायचं, आणि मगच हात सोडायचा. साबणाचं ताट असो की रिकामी वाटी.

त्या संध्याकाळी ती घासत होती, कॅप्टन विसळत होती आणि मी पुसत होते. पहिली पाच-सहा भांडी ती नुसती पुढे करायची.

"नियम," कॅप्टन म्हणायची आणि हात पुढे करायची नाही.

"घे," ती पुटपुटायची.

"ऐकू नाही आलं."

"घे!"

"घेतलं."

डबे, झारे, पातेली, परात. शेवटी शेवटी त्या एकमेकींकडे बघत पण नव्हत्या. हिच्या तोंडून घे निघायचं आणि तिचा ओला हात बरोबर तिथे असायचा. तिसऱ्या कुठल्या तरी पातेल्यावर कॅप्टनने तिला पुण्यात गेलेल्या मैत्रिणीबद्दल विचारलं, तिथे तिला कशी खोली मिळाली असेल म्हणून. हिने सगळं सांगितलं, खिडकी कुठे, पंखा कसा आवाज करतो. म्हणजे हिचीच खोली तिला मिळाली असणार. कॅप्टन ऐकत राहिली.

गुरुवारी, शुक्रवारी मैदानावर फारसं काही बदललेलं मला दिसलं नाही. बॉल भिंतीशी येतच होता. फक्त आता कॅप्टन दोनऐवजी एकच पाऊल उशिरा यायची.

रविवारच्या मॅचला पोरींनी मला ओढूनच नेलं. मी आजवर कधी गेले नव्हते. मोठा बंदिस्त हॉल, लाकडाची चकचकीत जमीन. चप्पल घालून आत जाऊ का नको, असं झालं मला. मी अगदी कडेच्या खुर्चीवर बसले, संघाचा टी-शर्ट मांडीवर घेऊन. त्यांनी मला तो घालायला दिला होता, पण साडीवर कसा घालणार.

सुरुवातीला आमच्या पोरी फार मागे पडल्या. ती एकटीच उड्या मारत होती, लोक टाळ्या वाजवत होते, पण सरांचं तोंड कडू झालेलं. तेवढ्यात समोरच्या तिघींनी तिला कोपऱ्यात गाठलं. बॉल हातात, पुढे वाट नाही. तिने डावीकडे बघितलं, आणि उजवीकडे, जिथे कोणी नव्हतं, तिकडे हात फिरवला. फेकायच्या आधी तिचं तोंड उघडलं.

"घे!"

मी तिचा आवाज इतका मोठा कधी ऐकला नव्हता. जाड, घोगरा, हॉलभर घुमला. आणि कॅप्टन तिथे होती. तिने मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही, नुसता हात पुढे केला, तसाच, सिंकपाशी करते तसा.

"घेतलं!" ती ओरडली आणि बॉल आत गेला.

माझ्या शेजारी बसलेली बाई म्हणाली, "हे काय ओरडतायत?" मी टी-शर्ट तोंडाशी धरला. तिला कसं सांगू?

त्यानंतर मी गुणांच्या पाटीकडे बघितलंच नाही. बॉलकडे पण नाही. मी फक्त ऐकत होते. घे, घेतलं. घे, घेतलं. पिंपळगावची पण म्हणायला लागली. ज्या मोकळ्या जागेत रोज बॉल वाया जायचा, तिथे आता दर वेळी कोणाचा तरी हात होता. मला वाटलं, त्या जागा तिला पहिल्यापासून दिसत होत्या. माणसं यायच्या आधीच तिला त्यांची जागा दिसते. 

आम्ही हरलो. एका बास्केटने. मला ते शिट्टी वाजल्यावर कळलं, कारण आमच्या पोरी जमिनीवर बसल्या. ती कमरेत वाकून गुडघ्यांवर हात ठेवून उभी होती. कॅप्टनने तिच्या पाठीवर हात ठेवला आणि काढला नाही.

बसमध्ये मी मनात रविवारनंतर बघू, बघू, असं घोकत होते. हरल्यावर कोण काय बघणार?

सोमवारी सकाळी सर चहाला स्वयंपाकघरात आले. असे ते येत नाहीत. कप घेऊन ओट्याशी उभे राहिले आणि म्हणाले, "मावशी, त्या नागपूरच्या मुलीला रोज एक भाकरी वाढवा. दूध पण. पुढच्या महिन्यात बाहेरगावी तीन मॅच आहेत, ताकद पाहिजे."

मी नेहमीसारखं "हो" म्हणणार होते. पण तोंडातून निघालं, "म्हणजे पुढच्या महिन्यात ती इथंच?"

सरांनी कप खाली केला. मी त्यांना काही विचारलं, याचंच त्यांना नवल वाटलं असावं.

"मग कुठे जाणार?" ते म्हणाले.

मी नाश्त्याची कणीक भिजवायला घेतली. त्यात पाणी जास्त झालं. पुन्हा पीठ घातलं.

दुपारी ती खाली आली तेव्हा तिच्या खांद्यावर बॅग होती. पण बॅग चपटी होती, रिकामी. स्वयंपाकघरावर माळा आहे. मोठं पातेलं तिथे असतं, ते काढायला मला स्टूल घेऊन वर एका पायावर उभं राहावं लागतं. ती नुसती हात वर करून उभी राहिली आणि बॅग माळ्यावर अगदी आत, भिंतीपर्यंत सरकवली.

"कपडे लावले कपाटात," ती म्हणाली. मग हात तसाच वर ठेवून विचारलं, "मावशी, तुमचं काही काढायचं आहे का इथून?"

"ते मोठं पातेलं दे," मी म्हटलं.

तिने दोन बोटांनी ते कडेला ओढलं आणि माझ्या डोक्यावरून खाली आणलं.

"घे," ती म्हणाली.

हात पुढे करायला मला क्षणभर उशीर झाला, कारण मी वर तिच्याकडेच बघत होते.